"बोलेल उशिरा" म्हणून थांबू नका
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



हप्त्यांचं बोलून झालं, आता पाच मिनिटं लेकरांविषयी बोलते.

आपल्या एका गटातल्या ताईने मला विचारलं होतं, "मॅडम, पोरगं अडीच वर्षांचं झालं, अजून आई म्हणत नाही. हाक मारली तर बघतही नाही." सगळ्या म्हणाल्या, "बोलेल गं, त्याचा बापही उशिराच बोलला." मी समाजकार्य शिकलेली, पण मीही म्हणाले, "बघू थोडे दिवस." त्यात दीड वर्ष गेलं. चार वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. चूक माझीही होती, म्हणून आज बोलते आहे.

ऑटिझम रक्त तपासून कळत नाही. डॉक्टर मुलाचं वागणं, खेळणं बघतात आणि आईला विचारतात. अनुभवी डॉक्टरांना हे दोन वर्षांच्या आसपासही ओळखता येतं. म्हणून आपण लक्ष ठेवायचं. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर बघतं का? दीड वर्षाचं मूल बोट दाखवून "ते बघ" असं सांगतं का? आलेले शब्द बोलायचं बंद झालं का? एका खुणेवरून ऑटिझम ठरत नाही. ऐकू कमी येत असेल, म्हणून कानही तपासतात. मुलगी असली की "लाजाळू आहे" म्हणून आपण सोडून देतो, तसंही करू नका.

घाई कशासाठी? लहान वयात मूल लवकर शिकतं. ऑटिझम गोळीने जात नाही, पण बोलणं, खाणं-पिणं, चारचौघांत मिसळणं शिकवता येतं.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांना शंका सांगा. गरज असेल तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आणि एक. आईच्या दुर्लक्षाने, लसीने किंवा कुणाच्या नजरेने ऑटिझम होत नाही. घरात सुनेला बोल लावू नका.

तो मुलगा आता उपचाराला जातो. परवा त्याने आईचा हात धरून पाण्याच्या हंड्याकडे बोट दाखवलं. ताई रडत सांगत होती, "हे आधीच झालं असतं ना मॅडम?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या वेळी गटात कुणी अशी शंका बोलली, तर "बोलेल गं" म्हणू नका. "चल, मी येते सोबत," म्हणा.