सेन्सर बदलण्याआधी
ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं, तरी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात इंजेक्शनवाली जुनी ओम्नी अजून कामाची आहे. पावसाळ्यात ती मिसिंग करू लागली, की लगेच सेन्सर बदलू नका. सिलिंडर तीनच, एक बंद पडला तरी गाडी थरथरते. स्कॅनर तर ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवतो, असं कुणी म्हणेल. पण न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो आणि सेन्सर तेच इमानानं सांगतो. आधी संशयित सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंगही सरकलं, तर दोष प्लगचा. नाही सरकलं, तर वायर पाहा: रबरी टोपीत ओल किंवा करडी रेघ दिसली, तर ठिणगी बहुधा तिथूनच निसटतेय. क्रँक सेन्सर बिघडला, तर मात्र सगळंच इंजिन अडखळतं. तो बदलावाच लागतो.