आज्ञावलीपूर्वी मागण्यांची नोंदवही

सरकारी कार्यालयात आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो. त्याला क्रमांक मिळतो, तारीख पडते आणि तो कोणाकडून आला हे लिहिले जाते. म्हणूनच वर्षांनंतरही तो सापडतो. परंतु त्याच कार्यालयासाठी संगणकाची आज्ञावली तयार होऊ लागली, की अपेक्षा मात्र बैठकीत तोंडी सांगितल्या जातात आणि पुढे विसरल्या जातात.

जन्मनोंदणीचे उदाहरण घ्यावे. ‘उशिरा आलेल्या नोंदीही घेता आल्या पाहिजेत’ एवढ्या वाक्यावरून आज्ञावली रचता येत नाही. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम व त्याखालील नियम यांनी विलंबाचे तीन टप्पे केले आहेत. २१ दिवसांनंतर परंतु ३० दिवसांच्या आत विलंब शुल्क. त्यापुढे एक वर्षापर्यंत विहित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश. म्हणजे मागणी एक नसून तीन आहेत.

या मागण्या एक्सेलसारख्या साध्या तक्त्यात, एका ओळीत एक याप्रमाणे लिहाव्यात. रकाने सहा पुरतात: क्रमांक, मागणी, कायद्याचा आधार, सांगणारा, कसोटी आणि स्थिती. कसोटी नेमकी हवी. जन्म १ जूनचा व सूचना ५ जुलैची असेल, तर आज्ञावलीने लेखी परवानगीची प्रत मागितलीच पाहिजे. जिची कसोटी लिहिता येत नाही, ती मागणी अजून स्पष्ट झालेली नाही असे समजावे.

आधाराच्या रकान्याचे मोल कायदा बदलल्यावर कळते. वर्षानंतरच्या नोंदीसाठी पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. तक्त्यात ‘कलम १३’ शोधताच बदलावयाच्या ओळी समोर येतात. जुनी ओळ पुसू नये. तिच्यापुढे ‘रद्द’ व तारीख लिहून नवी ओळ नव्या क्रमांकाने घालावी.

तक्त्याची अधिकृत प्रत एकच असावी आणि ती एकाच कर्मचाऱ्याच्या ताब्यात असावी. पाच टेबलांवर पाच प्रती फिरू लागल्या, की कोणती खरी हे कोणालाच सांगता येत नाही. मागण्या शेकड्यांनी वाढून एकमेकींत गुंतल्या, तर खास साधने घ्यावी लागतात. शिस्त मात्र हीच राहते.

अट चुकीची नोंदली गेली, तर तिचा भुर्दंड आज्ञावली रचणाऱ्याला पडत नाही. दाखल्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालणाऱ्या आईबापांना तो पडतो. आवक नोंदवही नेटकी ठेवणाऱ्या कार्यालयांना ही दुसरी नोंदवही ठेवणे मुळीच कठीण नाही.