इंजिनाचा जोर कोणत्या चाकांवर?

‘डर्ट रॅली’ हा कोडमास्टर्स कंपनीचा २०१५ सालचा संगणकीय खेळ. त्यातल्या ग्रीसच्या खडीच्या रस्त्यावर आधी जुनी मिनी कूपर पळवा, मग फोर्ड एस्कॉर्ट. वळण तेच, पण हातपाय वेगळे चालवावे लागतात.

मिनीची पुढचीच चाकं गाडी ओढतात आणि वळवतातही. टायरची पकड मर्यादित असते. वेग घेण्यात ती खर्च झाली, की वळायला फारशी उरत नाही. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळणाबाहेरच सरकते. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. वजन पुढच्या चाकांवर येतं आणि गाडी वळू लागते.

एस्कॉर्टला मागची चाकं ढकलतात. वेग घेताना वजन मागे सरकतं, म्हणून सरळ रस्त्यावर पकड चांगली. वळणात मात्र पाय जरा जास्त दाबला, की मागचा भाग घसरतो. स्टिअरिंग झटकन उलट फिरवलं नाही, तर गाडी गर्रकन फिरलीच म्हणून समजा. शिकायला हीच बरी, असं माझं मत. ती चूक पोटात घालत नाही.

ऑडी क्वाट्रोनं १९८०च्या दशकात चारही चाकांना जोर देऊन खऱ्या रॅलीचं गणितच बदललं. खेळातही माती-बर्फावर ती सुसाट सुटते. ‘फोर्झा होरायझन’ या दुसऱ्या खेळात चारही चाकांना जोर देणारी ही यंत्रणा कितीतरी गाड्यांना बसवता येते, आणि मंडळी डोळे मिटून बसवतात! कोरड्या डांबरावर मात्र तिचं जादा वजन ब्रेक लावताना नडतं.