लाकडाचा मासा : हस्तकलेचा पहिला धडा

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



आपला जिल्हा समुद्रापासून दूर असला, तरी माशाला पारखा नाही. पैठणजवळ जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि नाथसागराच्या काठच्या मुलांना रोहू व कटला हे मासे ओळखीचे झाले. म्हणूनच शाळेतील हस्तकलेचा आरंभ लाकडी माशापासून करावा, असे मी सुचवितो.

या सूचनेमागे सावंतवाडीचे उदाहरण आहे. तेथील चितारआळीत लाकडी फळे व खेळणी घडविण्याची जुनी परंपरा आहे. त्याच गावच्या दशावतारी गंजिफांत १२० पाने असतात आणि त्यांतील पहिला अवतार मत्स्याचा. गेल्या शतकात ही गंजिफाकला जवळजवळ लोपली होती. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागिराकडून ती जाणून घेतली आणि राजवाड्यात तरुणांना तिचे शिक्षण दिले, म्हणून ती वाचली. कला टिकते ती हातून हाती गेल्याने. आपल्या हिमरूचे हातमाग किती उरले, हे आपण जाणताच.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. लाकूड पांगाऱ्याचे घ्यावे. ते हलके व मऊ असते. ते पूर्ण वाळलेले असावे, अन्यथा मासा पुढे तडकतो. १५ सेंटिमीटर लांब, ६ रुंद व ३ जाड असा तुकडा पुरे. लाकडाच्या रेषा डोक्याकडून शेपटीकडे जाव्यात. माझ्या पहिल्या माशात त्या आडव्या होत्या. शेपटीचा निमुळता भाग हातातच मोडला.

तुकड्यावर माशाची बाजू रेखाटून करवतीने बाह्याकार कापावा. कडेने मध्यरेषा आखावी आणि पोटाच्या फुगीर भागापासून दोन्ही टोकांकडे पटाशीने तासत जावे. पाठीवरचा पर जाडच ठेवावा. तुकडा शिकंज्यात पक्का धरावा. हात पटाशीच्या धारेसमोर कधीही येऊ देऊ नये. कटल्याचे डोके मोठे व तोंड वर वळलेले, तर रोहूचे तोंड किंचित खाली असते. हा भेद मुलांनी मासा पाहून टिपावा.

नंतर कानस व काचकागद फिरवावा. चिंचोक्याच्या खळीत खडूची भुकटी कालवून दोन हात द्यावेत, वाळल्यावर पुन्हा घासावे. रंग देताना पाठ गडद व पोट फिकट ठेवावे. खवले अखेरीस बारीक कुंचल्याने काढावेत. रंग वाळल्यावर वॉर्निशचा हात द्यावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचविले आहेत. त्या दिवसांत गावच्या सुतारास सन्मानाने गुरू म्हणून बोलवावे. पंचायतींनी हत्यारांचा एक संच द्यावा आणि पावसाळ्याच्या तोंडी पांगाऱ्याच्या फांद्या बांधावर लावाव्यात. फांदी सहज रुजते. शिक्षकांनी मात्र पहिला मासा स्वतः कोरावा, मगच मुलांच्या हाती पटाशी द्यावी.

मुलांचा पहिला मासा ओबडधोबड होईल. तो टाकू नका. दहाव्या माशाशेजारी तो ठेवा, म्हणजे आपला हात काय शिकला, हे मुलाला स्वतःच दिसेल.