आजोबांची तरफेची रायफल



संयोजकांनी बजावलं होतं की कॉम्प्युटर सोडून काहीही बोल. म्हणून मी बंदुकीवर बोलणार आहे. घाबरू नका, सोबत आणलेली नाही.

माझे आजोबा कन्नड तालुक्यातले, गौताळ्याच्या जंगलाकाठच्या गावचे. १९४८ साली निजामाचं राज्य संपलं आणि त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी एक जुनी विंचेस्टर रायफल विकत घेतली. रानडुकरं पिकात शिरतात, हे परवान्यापुरतं कारण. खरं कारण शिकारीचा षौक. त्यांच्यानंतर ती माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या परवान्यावर आली. अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं की हत्यार वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. चुलतभाऊ म्हणाला, "विकून मोकळे व्हा." आत्या म्हणाली, "पोरीच्या नावावर बंदूक कशाला?" अण्णा काहीच बोलले नाहीत. मी म्हटलं, आधी ही वस्तू आहे तरी काय ते बघू.

अण्णा दरवर्षी ती तेलपाण्यासाठी शहरातल्या एका परवानाधारक दुकानात नेतात. गेल्या दिवाळीनंतर मीही गेले. नळीवर बारीक अक्षरांत 'मॉडेल ९४'. जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन माणसाने केलेली ही रचना १८९४ची. वडिलांच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात काम शिकलेला हा गडी. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण इतक्या थोड्या भागांत इतकं काम करून घेतलेलं यंत्र क्वचितच पाहिलं.

शास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जपून सांगते. तरफेचे प्रकार आठवतात ना? टेकू, भार, बल. कात्री, अडकित्ता, चिमटा. या रायफलीत चापाभोवतीची कडी हीच तरफ. ती खाली ओढली की मागचं कुलूप सुटतं, खीळ मागे सरकते, रिकामी पुंगळी वरून उडते आणि जाता जाता घोडाही चढतो. कडी वर घेतली की नवं काडतूस नळीत बसतं आणि कुलूप लागतं. मनगटाची एक हालचाल, पाच कामं. आणि चुकीच्या क्रमाने काही होऊच शकत नाही, कारण प्रत्येक भाग पुढच्याला अडवून धरतो. आम्ही प्रोग्राममध्ये हेच साधायला पानंच्या पानं लिहितो.

खोडीही आहेत. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात. म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमकं ठिणगी पडते तिथेच टेकतं. टोकदार गोळी घातली आणि धक्का बसला तर आतच स्फोट व्हायचा. म्हणून हिच्या गोळ्या चपट्या नाकाच्या. पुंगळी वरून उडते, म्हणून डोक्यावर सरळ दुर्बीण बसत नाही. आणि अशा जुन्या रायफलीला वेगळा सेफ्टीचा खटका नाही. घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायचा, बस. आज असं डिझाइन कुणी मंजूर करणार नाही. मीही केलं नसतं.

आता रिकामी कशी करायची? काडतुसांची पेटी काढून ठेवावी, तर पेटीच नाही. एकेक काडतूस तरफेनेच आतून फिरवून बाहेर टाकावं लागतं. दुकानदारांनी डमी काडतुसं भरून दाखवलं. खट्-खट्. काउंटरवरच्या कापडावर एकेक पडत गेलं. मी मोजली, सहा.

"त्या दिवशीही सहाच होती," अण्णा म्हणाले.

१९७२ सालची गोष्ट. पावसाने दडी मारलेली, ओढ्यात एकच डोह उरलेला. आजोबा भरलेली रायफल घेऊन डोहाशी दबा धरून बसले. सगळं रान तिथेच पाण्याला येणार, चुकायचा प्रश्नच नाही. नीलगाई आल्या, पाणी प्यायल्या, गेल्या. आजोबा घरी आले, अंगणात उभे राहिले आणि सहा वेळा तरफ चालवली. काडतुसं मातीत पडत होती आणि २६ वर्षांचे अण्णा ती वेचत होते. "तहानलेल्याला काय मारायचं," एवढंच आजोबा बोलले. त्यानंतर ती रायफल चालली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा त्याच वर्षी सप्टेंबरात आला, म्हणजे आजोबांच्या मागून. गौताळा अभयारण्य झालं ते तर १९८६ला.

हे अण्णांनी मला ४६ वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. दर वर्षी तेल मात्र घालत होते.

मी अर्ज केला. शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतलं, कागद जोडले. चौकशीला आलेल्या पोलिसांनी चहा घेता घेता विचारलं, "मॅडम, शिकार तर बंद आहे. मग ही कशाला हवी?" मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "साहेब, ही रिकामी ठेवायला घरात कुणीतरी माणूस लागतो."

आत्या त्यावर अजून हसते. अर्ज पोलीस आयुक्तालयात आहे. मध्ये निवडणूक लागली, त्यामुळे रायफल सध्या ठाण्यात जमा आहे आणि तिची पावती अण्णांच्या उशाखाली.