अर्जापूर्वीचा विद्यार्थी



विद्यापीठातील ज्या विद्यार्थी विकास खात्याच्या चाकरीत माझ्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, त्याच खात्यातील सहकाऱ्यांनी आज मला या परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसविले, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. परीक्षा विभागाला निकाल असतो, लेखा विभागाला ताळेबंद असतो. आपल्या कामाचे फळ मात्र पुष्कळदा इतकेच असते, की एखादा मुलगा गाठोडे बांधून गावी परत गेला नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, आणि म्हणूनच आपल्या कार्याविषयी आपणच अधूनमधून एकत्र बसून बोलणे मला अगत्याचे वाटते.

हे कार्य विद्यापीठांहून जुने आहे. पुण्यास विद्येसाठी आलेला निर्धन मुलगा एके काळी झोळी घेऊन माधुकरी मागे, किंवा आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवे. आणि एखाद्या घरी सुतक पडले अथवा घरच्या बाई माहेरी गेल्या, की त्या वारी त्याला उपास घडे. त्या अन्नदात्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु ती दारे ठरावीक जातींच्या मुलांसाठीच उघडत, आणि ज्यांच्यासाठी उघडत त्यांनाही उंबऱ्याबाहेर उभे राहून आपले दैन्य दररोज उच्चारावे लागे, हे विसरता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभारली, तेव्हा विद्यार्थ्याच्या जेवणाचा प्रश्न गृहस्थाच्या मर्जीतून सुटून राज्याच्या कर्तव्यात आला. पुढे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. ते चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. श्रम करून शिकणाऱ्या मुलाची मान खाली जात नाही, हा भाऊरावांचा सिद्धांत त्या स्वयंपाकघरात सिद्ध झाला, आणि तोच आज आपल्या विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ या नावाने नांदतो आहे.

या योजनेविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची अनुज्ञा असावी. ग्रंथालयात पुस्तके लावणारा, बागेस पाणी घालणारा, एखाद्या विभागात टपाल नोंदविणारा विद्यार्थी दिवसाकाठी दोन-तीन तास काम करतो, हजेरीपत्रकावर सही करतो आणि महिनाअखेर त्याचे देयक तयार होते. येथवर सर्व ठीक चालते. परंतु ते देयक विभागप्रमुखांच्या सहीसाठी, मग आपल्या मेजावर, मग लेखा विभागात, तेथून एखाद्या त्रुटीच्या शेऱ्यासह पुन्हा विभागाकडे असे फिरत राहते, आणि खानावळीचा मालक मात्र दहा तारखेच्या पुढे थांबत नाही. ज्या मुलाला आपण स्वावलंबी केले असे अहवालात लिहितो, तो त्या काळात मित्राकडे उसने मागत असतो. म्हणजे माधुकरीची झोळी आपण काढून घेतली खरी, परंतु मागणे त्याच्याच वाट्यास ठेवले. विलंबाने दिलेली मजुरी ही मजुरी राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक प्रसंग सांगतो. मी नवा असताना एका दुष्काळी तालुक्यातील विद्यार्थ्याचा साहाय्यासाठी अर्ज आला. सोबतच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली होती, म्हणून नवा दाखला जोडावा असा शेरा मारून मी तो परत केला. शेरा नियमाला धरूनच होता. तो मुलगा रात्रीच्या एसटीने गावी गेला, तलाठ्याची सही आणि तहसील कचेरीचा शिक्का यांसाठी चार दिवस राहिला, तेवढ्या दिवसांची मजुरी त्याने गमावली आणि प्रात्यक्षिकाची एक परीक्षाही त्याची चुकली. परत आल्यावर त्याने दाखला माझ्यापुढे ठेवला व उशीर झाल्याबद्दल माझीच क्षमा मागितली. त्याच्या तालुक्यात दुष्काळ आहे हे मी त्याच सकाळी वर्तमानपत्रात वाचले होते; तरीही त्याची गरिबी त्यानेच सिद्ध करून आणावी, असे मला त्या क्षणी वाटले होते. त्या शेऱ्याचे अक्षर माझे होते, आणि ते मला आजही दिसते.

त्या दिवसापासून माझी अशी धारणा झाली, की आपले कर्तव्य अर्ज दाखल होण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. वसतिगृहात जागा न मिळाल्यामुळे मित्राच्या खोलीत चोरून राहणारा मुलगा, ज्याला मुले आपसांत ‘पॅरासाईट’ म्हणतात, तो आपल्या खिडकीशी कधीच येणार नाही, कारण नाव उघड होणे हेच त्याचे मोठे भय आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, तथापि मार खाल्लेला मुलगा आधी खोलीचे दार लावून घेतो. तो तक्रार लिहील तेव्हा लिहील. अशा मुलांची वार्ता आपल्याला कोण देतो? वसतिगृहाचा पहारेकरी देतो, खानावळीतील वाढपी देतो, सायंकाळी वाचनकक्ष बंद करणारा शिपाई देतो. ज्या अधिकाऱ्याची या तिघांशी ओळख नाही, त्याच्या दप्तरातील प्रकरणे कितीही वक्तशीर निकालात निघोत, त्याला आपल्या विद्यार्थ्यांची खबर आहे असे मी म्हणणार नाही.

२०१६ च्या विद्यापीठ अधिनियमाने आपल्या विद्यार्थी कल्याण मंडळाच्या नावातील ‘कल्याण’ जाऊन तेथे ‘विकास’ आला. जुन्या शब्दावर माझा लोभ होता, हे मी लपवीत नाही; परंतु नावाचा वाद मला आज करावयाचा नाही.

दुपारच्या सत्रात ‘कमवा आणि शिका’ योजनेच्या हजेरीपत्रकाच्या नव्या नमुन्याचा विचार होणार आहे. त्या नमुन्यात विद्यार्थ्याची सही आहे, पर्यवेक्षकाची आहे, लेखापालाची आहे. पैसे विद्यार्थ्याच्या खात्यावर प्रत्यक्ष केव्हा जमा झाले, ती तारीख लिहावयास मात्र जागा नाही. ती जागा शेवटच्या रकान्यात करावी, आणि तो रकाना दर महिन्याच्या पाच तारखेस अधिकाऱ्याने स्वतः भरावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने आपल्यापुढे मांडतो.