बागूल आला!

(टिटवाळ्यातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



माझं आडनाव बागूल. हसू नका. पोरं जेवत नाहीत, झोपत नाहीत, तेव्हा ज्याची भीती घालतात तोच हा बागूल. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की अख्खा वर्ग ओरडायचा, आला रे आला! मीही हसायचो. आपण आधी हसलो की मार जरा कमी बसतो.

लग्नानंतर खोली बघायला इथंच आलो, स्टेशनपासून गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मालकीणबाई नातवाला भरवत होत्या, "खा, नाहीतर बागूल येईल." मालकानं विचारलं, आडनाव? म्हटलं, बागूल. पोरानं भोकाडच पसरलं. सगळे हसले. चहा आला. मग मालक म्हणाला, "बागूल म्हणजे नक्की कुठले?"

आता हा 'कुठले' गावाचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बागूल मराठ्यांत आहेत, आदिवासींत आहेत, आपल्यात आहेत. बागलाणात तर बागूल राजे होऊन गेले, 1638 साली औरंगजेबानं ते राज्य घेतलं. नुसत्या आडनावावर मालकाचं भागेना. राजाचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. आज कबूल करतो.

तेवढ्यात बाबूराव बागूल आठवले. नाशिकजवळच्या विहितगावचे, माटुंगा लेबर कँपात वाढलेले. 1963 साली त्यांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. त्यातला रेल्वेतला पोरगा परमुलखात खोली घेतो, जात झाकतो, आणि कळल्यावर मार खातो. आडनावबंधूनं एवढं लिहून ठेवल्यावर मी पुन्हा तेच करू?

म्हणालो, "नाशिककडचे. बौद्ध."

मालकीणबाई पोराला काखोटीला मारून आत गेल्या. मालक म्हणाला, "घरात विचारून कळवतो." साला अजून कळवतोय! पोराचं मी समजू शकतो, त्याला रडू खरं आलं होतं.

काही मित्र म्हणतात, गॅझेटात देऊन टाक, गावावरून 'कर' लाव. मी लावणार नाही. पण जो लावेल त्याला भेकड म्हणायची माझी तयारी नाही. त्यालाही बायकापोरं आहेत, त्यालाही डोक्यावर पत्रा लागतो.

ज्यांना ज्यांना अशी खोली नाकारली असेल त्यांनी सभा सुटल्यावर थांबा. रस्ता, तारीख आणि मालक काय बोलला ते लिहून घ्यायचंय. वही आणलीय.